जुनं कॉमिक महाग का होतं? वेताळापासून सुपरमॅनपर्यंत

कुणी तुम्हाला इंद्रजाल कॉमिक्सचा १२३ किंवा १२४ क्रमांकाचा अंक विकायला आला, तर पाकिटाला हात लावू नका. ते अंक निघालेच नाहीत. ही मालिका काढणाऱ्या टाइम्स ऑफ इंडियात तेव्हा संप होता आणि ते दोन आकडे रिकामेच राहिले. म्हणून मालिकेचा शेवटचा क्रमांक ८०५ असला तरी अंक भरतात ८०३.

असल्या बारीकसारीक गोष्टी जमवणाऱ्यांना तोंडपाठ असतात. बाहेरच्या माणसाला मात्र दोनच गोष्टी दिसतात: बातमीतला कोटींचा आकडा आणि माळ्यावरचा स्वतःचा गठ्ठा. मग तो विचारतो, "आमच्याकडे चाळीस वर्षांपूर्वीची कॉमिक्स आहेत, किती येतील?" उत्तर बहुतेकदा निराशेचंच असतं, कारण नुसत्या वयाला इथे कुणी विचारत नाही. प्रती किती उरल्या, त्या किती जणांना हव्यात आणि हातातली प्रत कोणत्या अवस्थेत आहे, या तीन गोष्टींवर भाव ठरतो. तिन्ही एकत्र जुळल्या तरच. एक जरी हुकली तरी मोठा भाव विसरा.

छापल्या किती याला फारसा अर्थ नाही, उरल्या किती ते बघायचं. अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. मुखपृष्ठावर जून १९३८, किंमत दहा सेंट, आणि सुपरमॅन त्यात पहिल्यांदा दिसला. छापल्या होत्या सुमारे दोन लाख प्रती. आज जगात त्यातल्या शंभरेक प्रती असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? बहुतेक मुलांनी वाचून फाडल्या किंवा टाकून दिल्या. दुसऱ्या महायुद्धात तिकडे कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या आणि शाळकरी पोरांनीच देशासाठी म्हणून कॉमिक्सचे गठ्ठे नेऊन दिले. युद्ध संपल्यावर कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी हाकाटी सुरू झाली. काही गावांत चक्क होळ्या पेटल्या. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक आलं, सिनेटसमोर सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. घरोघरच्या आयांना अंक फेकायला आणखी काय कारण हवं होतं?

आपल्याकडे होळीची गरज पडली नाही. रद्दीवाला होता. मे महिन्याच्या सुट्टीत जमलेला गठ्ठा जूनमध्ये शाळेच्या वह्या-पुस्तकांना जागा हवी म्हणून किलोच्या भावाने गेला, अशी घरं महाराष्ट्रात किती असतील त्याची मोजदाद नाही.

इंद्रजालची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी म्हणजे बेनेट, कोलमन कंपनीने मुंबईतून मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि पुढे इतर भारतीय भाषांतही ती निघत होती. पहिल्या ३२ अंकांत फक्त ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर वगैरे मंडळी आळीपाळीने यायला लागली. मजकूर अमेरिकेतल्या वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांचा, पण तो जसाच्या तसा उचललेला नव्हता. वेताळाचा देश इथे 'डेंकाली' झाला आणि मूळ कथेतल्या सिंग नावाच्या चाच्यांना 'सिंगा' करून टाकलं, कारण इथल्या वाचकाला ते नाव खटकलं असतं. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवलेली, आणि मलपृष्ठावर भिंतीला लावण्याजोगं पानभर चित्र. १९९० मध्ये मालिका बंद झाली.

यातले कोणते अंक लोक शोधतात? पहिला अंक तर अर्थातच. त्यानंतरचे सुरुवातीचे पन्नासेक, मुख्यतः गोविंद यांच्या चित्रांसाठी. आणि मग डिसेंबर १९७६ चा, ज्यात आबिद सुरती यांचा 'बहादूर' पहिल्यांदा अवतरला. हे 'पहिल्यांदा' प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. संग्राहकांच्या दुनियेत एखाद्या पात्राचं पहिलं दर्शन ज्या अंकात झालं, तो अंक बाकी सगळ्यांच्या वर असतो. त्यातली कथा चांगली असलीच पाहिजे असं नाही. सुपरमॅनची ती पहिली कथा आज वाचली तर घाईघाईत जुळवलेली वाटते, आणि तशी ती होतीही. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघांनी पात्राचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले होते. त्याच अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. आपल्या रुपयांत सुमारे पन्नास कोटी.

स्पायडरमॅनचं तर आणखी गमतीदार आहे. तो ज्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात, ऑगस्ट १९६२ मध्ये, आला तो त्या मासिकाचा शेवटचा अंक. मासिक बंदच व्हायचं होतं, म्हणून नवं पात्र वापरून बघायला कुणाची हरकत नव्हती. प्रकाशकालाच ज्याचं महत्त्व ठाऊक नव्हतं ते वाचकाने कशाला जपून ठेवलं असतं?

आता याच्या नेमकं उलटं उदाहरण. १९८० च्या दशकात जुन्या अंकांचे भाव वर्तमानपत्रांत यायला लागले, तसे अमेरिकेत लोक नवी कॉमिक्स गुंतवणूक म्हणून घ्यायला लागले. एकाच अंकाच्या पाच-पाच प्रती, न उघडता कपाटात. प्रकाशकांनीही वारं ओळखलं. एकाच अंकाला चार-पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, चमचमता कागद, सीलबंद पिशव्या असे प्रकार सुरू झाले. १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक ८० लाखांहून अधिक खपला. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनला 'मारलं' तेव्हा तो अंक काळ्या पिशवीत घालून विकला आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. हे अंक आज कुठे आहेत? सगळीकडे आहेत, आणि जवळजवळ कोऱ्या अवस्थेत. त्यामुळे सध्या त्यांच्या साध्या प्रतीला दोन-चार डॉलर मिळाले तरी पुष्कळ. तो फुगा फुटला, शेकडो दुकानं बुडाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये 'एक्स-मेन' काढणाऱ्या खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून 'संग्राहकांसाठी खास आवृत्ती' असं छापलेलं काही दिसलं की मी तरी पुढे सरकतो. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होणार कशी?

तिसरी गोष्ट अवस्था. नव्या माणसाला सगळ्यांत जास्त धक्का इथे बसतो. 'अमेझिंग फँटसी'च्या त्या पंधराव्या अंकाची जवळजवळ निर्दोष प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. त्याच अंकाच्या जीर्ण, पानं सुटलेल्या प्रतीला त्याचा शंभरावा हिस्साही मिळत नाही. कथा तीच, चित्रं तीच, कागदही तोच.

अवस्था मोजायला अमेरिकेत ०.५ ते १० अशी गुणांची पट्टी वापरतात. २००० साली सुरू झालेली सीजीसी नावाची कंपनी फी घेऊन प्रत तपासते, गुण देते आणि कडक पारदर्शक डबीत कायमची बंद करते. तपासणारा काय बघतो? कण्यावर, म्हणजे अंकाच्या दुमडीवर, पिनांच्या जवळ आडव्या बारीक रेघा पडल्यात का, कोपरे गोल झालेत का, मुखपृष्ठाची चमक शाबूत आहे का, पिना गंजल्यात का, पानं पांढरी आहेत की पिवळी की तपकिरी, मधलं पान निसटलंय का, कूपन किंवा चित्र कापून घेतलंय का. ९.८ आणि ९.४ यांतला फरक साध्या डोळ्यांना कळतही नाही, पण किमतीत तो काही पटींचा असू शकतो. मला विचाराल तर हा थोडा वेडेपणाच आहे. डबीतलं कॉमिक वाचता येत नाही, नुसतं बघायचं. पण या डब्यांमुळे एक गोष्ट चांगली झाली: दूरच्या अनोळखी माणसाकडून घेताना त्याच्या 'एकदम मस्त कंडिशन, सर' वर विसंबावं लागत नाही.

भारतीय अंकांवर ही पट्टी जशीच्या तशी लावली तर मात्र हाती फारसं काही लागणार नाही. आपल्याकडची जुनी प्रत कोणत्या वाटेने आलीय ते आधी बघायचं. पुष्कळशा गल्लीबोळातल्या वाचनालयांतून आल्या आहेत. तिथे अंक दिवसाच्या भाड्याने जायचा, म्हणून मालक तो टिकावा यासाठी त्याला जाड पुठ्ठा लावायचा, कण्यातून सुतळीसारखा दोरा ओवायचा आणि आतल्या पानावर रबरी शिक्का मारायचा. कधी आठ-दहा अंक एकत्र बांधून एकच ठोकळा करायचा. बाईंडिंगवाल्याने कडा सरळ कराव्यात म्हणून तिन्ही बाजू कापल्या की चौकटीतले संवादांचे फुगेही अर्धे जायचे. घरातली प्रत असेल तर मुखपृष्ठावर शाईने नाव, इयत्ता आणि तुकडी, कोडी सोडवलेली, मलपृष्ठावरचं चित्र कापून भिंतीला. हे सगळे दोषच आहेत आणि भाव पाडतात. तरी १९६० च्या दशकातल्या मराठी अंकावर फक्त शिक्का असेल आणि पानं पूर्ण असतील, तर नाक मुरडू नका. त्याहून बरी प्रत कदाचित समोर येणारच नाही.

फाटलेलं दुरुस्त करायचा मोह सगळ्यांनाच होतो. करू नका. साधी चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि निघत नाही. उडालेला काळा रंग मार्करने भरणं म्हणजे तर स्वतःच्या हाताने किंमत खाली आणणं. सीजीसी अशा 'सुधारलेल्या' प्रतीला वेगळं, जांभळं लेबल लावते आणि ते बघताच गिऱ्हाईक मागे हटतं. लॅमिनेशनबद्दल काय बोलावं? प्रेमापोटी लॅमिनेट केलेले अंक मी पाहिलेत. ते आता कागदाचे राहिलेले नाहीत.

आता पुनर्मुद्रणाचा घोळ. अमर चित्र कथा घेऊ. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे ही मालिका सुरू केली. 'कृष्ण' हा तिचा पहिला अंक असं आपण समजतो, पण त्याचा क्रमांक आहे ११. पहिले दहा क्रमांक कन्नडमध्ये निघाले होते आणि त्यांत परदेशी परीकथा होत्या. त्यामुळे ते आज फार थोड्यांनी पाहिले आहेत. खरी अडचण पुढची आहे. अमर चित्र कथेचे अंक दशकानुदशकं पुन्हा पुन्हा छापले गेले, कधी तेच मुखपृष्ठ ठेवून, कधी बदलून. पुढे जाड कागदाच्या आवृत्त्या आल्या तेव्हा क्रमांकही ५०१ पासून नव्याने दिले गेले. म्हणजे 'माझ्याकडे शिवाजीचा जुना अंक आहे' एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या वर्षीची छपाई? ते ओळखायचं असेल तर आतल्या किंवा मागच्या पानावरची 'आमची इतर प्रकाशनं' ही यादी बघा. यादीतला शेवटचा अंक ज्या वर्षी आला, त्याआधी तुमची प्रत छापलेली असूच शकत नाही. छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता, मलपृष्ठावरची जाहिरात यांवरूनही काळ लागतो. हे काम मला स्वतः अंक मिळवण्याइतकंच आवडतं.

पुनर्मुद्रणाने फसवल्याचा अमेरिकेतला प्रसिद्ध प्रकार म्हणजे १९७४ ची 'ॲक्शन कॉमिक्स'ची मोठ्या आकारातली आवृत्ती. प्रकाशकाने प्रामाणिकपणे बाहेर वेगळं जाड आवरण घालून ती पुनर्मुद्रण असल्याचं छापलं होतं. आत मूळ मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळं हुबेहूब, किंमतही दहा सेंटच. लोकांनी बाहेरचं आवरण फाडलं आणि आतला अंक 'अस्सल' म्हणून खपवायला सुरुवात केली. ओळखायला मोजपट्टी पुरते. मूळ अंक साधारण साडेदहा इंच उंच, हा साडेतेरा.

आपल्याकडे मूळ मुखपृष्ठ हरवलेल्या अंकाला स्कॅन करून छापलेलं मुखपृष्ठ लावतात. तेही ओळखता येतं. दहा पट मोठं दाखवणारी घडीची लेन्स घ्या. जुन्या छपाईत रंग म्हणजे एका रांगेत बसलेले गोल ठिपके, निळे, लाल, पिवळे आणि काळे. घरगुती प्रिंटरच्या रंगात ठिपक्यांची शिस्त नसते, शाई फवारल्यासारखी दिसते. अंधारात नोटा तपासायचा जांभळा दिवाही धरून बघा. आजचा पांढरा कागद निळसर चमकतो, जुना वर्तमानपत्री कागद सहसा नाही. मुखपृष्ठ चमकतंय आणि आतली पानं मंद, म्हणजे जोडकाम.

मराठी अंकांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याला त्याचंच कुतूहल असणार. वेताळाला जगभर वाचक आहेत. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याची कॉमिक्स निघत आली आहेत. म्हणून इंद्रजालच्या इंग्रजी अंकाला देशभरातले आणि परदेशातलेही शोधणारे भेटतात. मराठी अंक शोधणारा मात्र बहुतेक मराठी वाचणाराच, आणि त्यातही ज्याने लहानपणी तो वाचलाय असा. प्रती कमी आणि गिऱ्हाईकही कमी, असा विचित्र मामला. म्हणून मराठी अंकाचे भाव अंदाज येऊ देत नाहीत. एखाद्या आठवड्यात दोन हट्टी माणसं एकाच अंकामागे लागली की भाव उसळतो आणि पुढच्या महिन्यात तसाच अंक कुणी विचारत नाही. ही पिढी ओसरल्यावर काय होईल? माझ्या मते सुरुवातीचे आणि चांगल्या अवस्थेतले अंक टिकून राहतील, मधल्या शेकडो अंकांचे भाव उतरतील. तेव्हा म्हातारपणाची सोय म्हणून यात पैसे घालू नका. वाचायला आवडतं, हातात धरायला आवडतं, तर घ्या.

घ्यायचं कुठे? मुंबईत फोर्टच्या पदपथांवरचे जुनी पुस्तकं विकणारे, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, गावोगावचे रद्दीवाले आणि आता अर्थातच ऑनलाइन गट. ऑनलाइन घेताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा आणि मधलं पान असे चार फोटो मागा. पिना दिसल्या पाहिजेत. पानं मोजून सांगायला सांगा. विकणारा चिडला तर नाद सोडा. आणि घासाघीस करताना 'हे तर रद्दीत मिळतं' असं म्हणू नये. त्याने उन्हातान्हात हिंडून ते रद्दीतून बाहेर काढलेलं असतं.

उरला प्रश्न सांभाळण्याचा. कॉमिक्सचा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. त्यात लिग्निन नावाचा पदार्थ राहून जातो. हवा, ऊन आणि उष्णता लागली की तो पिवळा पडतो, आम्ल तयार होतं आणि कागद कडकडीत होऊन तुटतो. हे थांबवता येत नाही, मंदावता येतं. १९७७ मध्ये कोलोरॅडोत एडगर चर्च नावाच्या माणसाचा वीसेक हजार कॉमिक्सचा साठा उजेडात आला. तिथली हवा थंड आणि कोरडी, अंक घट्ट रचून ठेवलेले. चाळीस वर्षांपूर्वीची पानं जवळजवळ पांढरी निघाली. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. त्यात बुरशी, कसर आणि वाळवी. म्हणजे आपल्याला जास्त धडपड करावी लागणार.

माळा नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लाकडी कपाट नको, ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं दूर, आणि खालचा कप्पा रिकामा, हे चांगलं. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा. परवडत असेल तर मायलरची, म्हणजे टिकाऊ पॉलिएस्टरची पिशवी. पीव्हीसीचं चिकट वास येणारं प्लास्टिक टाळा, ते कागदाला चिकटतं. पिशवीत डांबर गोळी टाकू नका. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा आणि त्या भरल्या की बदला, नुसत्या ठेवून विसरलात तर उपयोग नाही. अंक पेटीत उभे ठेवा, पण सैल नको, नाहीतर वाकतात. पावसाळा संपला, ऑक्टोबरची कोरडी हवा आली की एकेक काढून बघा. तेव्हाच वाचून घ्या. हात धुऊन, कोरडे करून.

आणि एक यादी करा. अंकाचा क्रमांक, भाषा, छपाईचं वर्ष, अवस्था, किती पैशांना घेतला आणि विकायचा झाला तर कुणाला विचारायचं, एवढं पुरे. यादी संगणकात ठेवाच, पण एक कागद पेटीत सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तुमच्या पश्चात ती पेटी उघडणाऱ्याला वेताळ कोण हे माहीत असेलच असं नाही, आणि रद्दीवाला अजूनही दर रविवारी येतो.